आठवी ते दहावीच्या मुलांशी ‘न्यूड्स’बद्दल बोलायचंय. सत्रात नेमकं काय सांगावं?

आबोली

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सेक्सटिंगवर, म्हणजे फोनवरून नग्न फोटो किंवा लैंगिक मेसेज पाठवण्यावर, एक सत्र घ्यायचं पालक-शिक्षक संघाने ठरवलंय. दीड तास मिळणार आहे आणि मांडणी करायचं काम माझ्याकडे आलंय. गाव तालुक्याचं, सातारा जिल्ह्यातलं. शाळा मराठी माध्यमाची. मी समुपदेशक नाही, पालक आहे, म्हणून इथल्या जाणत्या मंडळींना विचारतेय.

शाळेकडे एक जुनं सादरीकरण होतं, ते मला दिलं गेलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘मुलींनो, सावधान!’ मग गजांआडचे हात, मग कलमांची यादी, मग गुडघ्यांत डोकं घालून बसलेली मुलगी, आणि शेवटच्या पानावर ‘गेलेली अब्रू परत येत नाही’.

हे शेवटचं पान मला काढायचंच आहे. कारण तीन वर्गांची मुलं एका हॉलमध्ये बसवली की त्यात असं एखादं मूल असणारच, ज्याने फोटो आधीच पाठवलाय. कदाचित त्याला धमक्याही येत असतील. त्या मुलाला आपण हजार रुपये खर्चून बॅनर लावून सांगणार की आता तुझं काही उरलं नाही? ते मूल घरी जाऊन कोणाला काही सांगेल का?

शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत नववीतल्या मुलीचा फोटो फिरला. तिने एकाला पाठवला होता, त्याने मित्राला दाखवायला म्हणून पाठवला, मित्राने क्रिकेटच्या ग्रुपवर टाकला. मुलीच्या घरी निरोप गेला, ‘थोडे दिवस तिला घरीच राहू दे.’ ज्यांनी फोटो पुढे ढकलला ती सगळी मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात हजर होती आणि त्यांच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. या प्रकरणात एका मुलीने चूक केली असं सगळे म्हणतात. मला तर त्यात फोटो पुढे पाठवणारी डझनभर मुलं आणि गप्प बसलेली मोठी माणसं दिसतात.

२०१८ साली ‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात ३९ अभ्यासांची एकत्रित पाहणी आली होती, साधारण १ लाख १० हजार मुलांची. त्यात सुमारे १५ टक्के मुलांनी असं काही पाठवलं होतं, २७ टक्क्यांना आलं होतं, आणि १२ टक्क्यांनी समोरच्याला न विचारता पुढे पाठवलं होतं. आकडे बहुतेक परदेशातले आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण एक गोष्ट त्यातून दिसते. पाठवणाऱ्यांपेक्षा ज्यांच्या फोनवर येतं ती मुलं कितीतरी जास्त आहेत. म्हणजे हॉलमधल्या बहुतेकांना उपयोगाचा प्रश्न हा की ‘माझ्या फोनवर कोणाचा तरी फोटो आलाय, आता मी काय करू?’ त्या सादरीकरणात यावर एक ओळही नाही.

तर विचारायचं असं की कायदा किती सांगावा? मुलगे-मुली एकत्र बसवावेत का? आणि फोटो गेल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं हे मुलांना समजेल असं कसं सांगावं?

रानवारा

ताई, तळमळ समजते, पण मला हे पटत नाही. माझी मुलगी आठवीत आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही सत्र घेऊन तिच्या डोक्यात नको ते भरवणार. दहावीपर्यंत मोबाइलच हातात देऊ नका, विषय संपला. आमच्या घरी हाच नियम आहे.

अण्णा_सोलापूर

रानवारा, तुमची काळजी खरी आहे, मीही दोन मुलींचा बाप आणि तीस वर्षं शिक्षक. पण हा आक्षेप फार जुना. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक आरोग्यावर मासिक काढलं तेव्हाही लोक हेच म्हणाले आणि त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांत ओढलं. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आपल्या राज्याने शाळांतून बंद केला, तेव्हाही कारण हेच. आपण बोलणं बंद केल्याने मुलं शिकायची थांबली नाहीत. ती दुसरीकडे शिकली, आणि तिथे त्यांना ‘नाही म्हणायचा तुला हक्क आहे’ हे कोणी सांगितलं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आपणच ऑनलाइन तासासाठी घराघरांत फोन नेले. ज्या घरात मुलीचा स्वतःचा फोन नाही तिथे आईचा असतो, दादाचा असतो, मैत्रिणीचा असतो. उलट वाटून वापरायच्या फोनवर धोका वाढतो. मुलीने काढलेला फोटो तिने पुसला तरी ‘ट्रॅश’मध्ये महिनाभर पडून राहतो. गूगल फोटोजचं खातं वडिलांच्या नावचं असेल तर तो वडिलांच्या फोनवरही उमटतो. फोन दुरुस्तीला देताना पासवर्ड कागदावर लिहून दुकानात ठेवतो आपण. हे सगळं आईबापांनाच शिकवायची वेळ आहे.

टिटवी

मी इथे बहुधा सगळ्यात लहान असेन, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. आबोलीताई, तुमच्या सत्रात एक गोष्ट नक्की घ्या, कारण आम्हाला ती कधीच कोणी सांगितली नाही. फोटो मागितला कसा जातो ते दाखवा.

कोणीही पहिल्या दिवशी ‘न्यूड पाठव’ म्हणत नाही. आधी ‘आज काय घातलंयस?’ मग ‘फुल पिक पाठव ना.’ मग ‘माझ्यावर ट्रस्ट नाही का तुझा?’ मग तो स्वतःचा एक पाठवतो आणि म्हणतो, ‘मी पाठवला, आता तुझी टर्न.’ मग रुसवा, दोन दिवस रिप्लाय नाही, मग ‘अमुक तिच्या बॉयफ्रेंडला पाठवते.’ मुलीही मुलांना असं करतात, कमी प्रमाणात असेल पण करतात. हे सगळं इतकं हळूहळू होतं की शेवटी पाठवणाऱ्याला वाटतं आपणच ठरवलं.

म्हणून फलकावर एक खोटं चॅट लिहा आणि मुलांना विचारा, कुठल्या ओळीवर तुला अस्वस्थ वाटलं? मग त्या ओळीला काय उत्तर देता येईल ते त्यांच्याकडूनच काढा. आमच्या एका सीनियरने कॉलेजच्या शिबिरात असं घेतलं होतं. एका मुलीने सुचवलेलं उत्तर माझ्या अजून लक्षात आहे, ‘ट्रस्ट आहे म्हणूनच तू परत मागणार नाहीस अशी अपेक्षा आहे.’ मुलांना नाही म्हणायचं असतं हो, शब्द सुचत नाहीत. वाक्यं तोंडात बसलेली असली की वेळेला येतात.

आणि ‘एकदाच दिसणारा फोटो’ सुरक्षित असतो हा समज खोडून काढा. व्हॉट्सॲप त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ देत नाही, पण शेजारी दुसरा फोन धरून फोटो काढायला कोण अडवणार?

कायदेभान

मी नाशिकला वकिली करते, बाल न्याय मंडळापुढची, म्हणजे अल्पवयीन मुलांवरच्या आरोपांची, प्रकरणं पाहते. कायदा किती सांगावा याबद्दल माझं मत असं की कमी सांगा, पण अर्धवट सांगू नका. कलमांचे आकडे मुलं विसरतात, भीती तेवढी उरते.

मुलांनी एवढं समजून घ्यावं. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला २०१२ चा पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा मूल मानतो, मग मुलगा असो वा मुलगी. ‘तिने स्वतःहून दिला होता’ ही सबब तिथे चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमात मुलांचं असं चित्र बनवणं, पाठवणं, शोधणं, उतरवून घेणं हे सगळं गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. २००४ साली दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची क्लिप देशभर फिरली आणि लिलावाच्या संकेतस्थळावर विकायलाही आली, तेव्हा हे कलम नव्हतं. ते २००८ च्या दुरुस्तीने आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की असं साहित्य पुढे न पाठवता नुसतं साठवून ठेवणाऱ्यालाही पोक्सोच्या १५ व्या कलमाखाली जबाबदार धरता येतं. मुलांच्या भाषेत सांगायचं तर, ग्रुपवर आलं, बघितलं, ठेवून दिलं, हे ‘मी काहीच केलं नाही’मध्ये बसत नाही.

मोठ्यांसाठी आणखी एक, आणि हे फारच थोड्यांना माहीत असतं. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असं स्पष्टीकरण आहे की स्त्रीने फोटो काढायला संमती दिली पण तिसऱ्याला दाखवायला दिली नाही, तर तो पसरवणं हा गुन्हाच. ‘मग काढू कशाला दिला?’ हा प्रश्न गावात विचारला जातो. कायदा तो विचारत नाही.

आता अडचणीची बाजू. स्वतःचा फोटो पाठवणाऱ्या अल्पवयीन मुलासाठी ६७ब मध्ये वेगळी सूट लिहिलेली नाही. त्यामुळे ‘तुझ्यावरच केस होईल’ अशी धमकी देणारे असतात, कधी मुलगा देतो, कधी त्याचे पालक. पीडित मुलीला ही भीती घालून तक्रार मागे घ्यायला लावलेली मी पाहिली आहे. तुमच्या सादरीकरणातली ती गजांची चित्रं नेमकी हीच धमकी पक्की करतात. ती काढून टाका.

ज्या मुलाने पुढे पाठवलं त्याच्याबद्दलही खरं सांगा. बाल न्याय कायद्यानुसार त्याचं प्रकरण मंडळापुढे जातं. सगळ्यात गंभीर, कायद्याच्या भाषेत ‘घृणास्पद’, गुन्हे आणि मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेले गुन्हे सोडले तर त्याच्यावर सहसा एफआयआरही होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. मंडळ समुपदेशन सांगू शकतं, समाजसेवा सांगू शकतं. ‘आयुष्यातून उठशील’ हे खोटं आहे आणि ‘काही होत नाही’ हेही खोटं आहे.

रानवारा

वकीलताई, मग तक्रार करायची म्हणजे मुलीला पोलीस स्टेशनात नेऊन बसवायचं ना? कोण बाप नेईल?

कायदेभान

नाही. पोक्सोच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि जबाब घेताना अंगावर गणवेश नको. पालक किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असतं. मुलाचं नाव, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा दाखवायला मनाई आहे. प्रत्यक्षात सगळीकडे हे पाळलं जातंच असं नाही, म्हणून तर बापाला नियम ठाऊक हवा. समोर गणवेशातला माणूस आला तर ‘साहेब, कलम २४’ एवढं म्हणता आलं तरी फरक पडतो.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. वरचं सगळं वाचलं, उपयोगी आहे. पण आमच्याकडे परिणाम कोणता होतो ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे फोटो फिरला तर पोलिसांपर्यंत जातच नाही. महिन्याभरात मुलीचं लग्न ठरतं. पंधरा वर्षांची असली तरी. ऊसतोडीला जाणारी घरं, मुलीला मागे कोणाजवळ ठेवायची ही चिंता आधीच असते, त्यात असं काही झालं की आईबापांना दुसरा मार्ग दिसत नाही. मुलीचं नाव हजेरीपटावर राहतं, मुलगी नसते. आणि गंमत म्हणून ‘फॉरवर्ड’ केलेल्या पोरांना आपण काय करून बसलो याचा पत्ताही नसतो.

त्यामुळे मी मुलग्यांशी बोलताना कैदेचं फार सांगत नाही. मी विचारतो, हा फोटो तू पुढे पाठवलास, त्यानंतर तिच्या घरात संध्याकाळी काय झालं असेल ते लिहून काढ. नाव नको, ओळख नको, फक्त ती संध्याकाळ. पोरं लिहितात. बाप कामावरून आला, चुलता ओरडला, आई रडली, फोन फोडला, शाळा बंद. त्यांना सगळं माहीत असतं. फक्त ते आणि आपलं बोट यांचा संबंध त्यांनी कधी जोडलेला नसतो.

आणि आबोलीताई, सत्रात आणखी एक सांगा. बालविवाह ठरतोय असं कळलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवता येतं. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. वर्गातल्या मैत्रिणींनीच फोन करून लग्न थांबवल्याची उदाहरणं आमच्या भागात आहेत.

आबोली

बालाघाट सर, ती संध्याकाळ लिहायची कल्पना मी घेतेय, तुमची परवानगी धरून चालते. वाचताना गलबलून आलं.

जुई_ठाणे

सगळे मुलींबद्दल लिहितायत, म्हणून मुलग्यांचं लिहिते. माझा भाचा अकरावी सायन्सला क्लाससाठी शहरात राहायचा. इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट आली, दोन-चार ओळखीचे फॉलोअर दिसत होते म्हणून स्वीकारली. दोन दिवस गप्पा, मग व्हिडिओ कॉल. पलीकडे मुलगी दिसत होती, म्हणजे चालू केलेला एखादा जुना व्हिडिओ. याने कॅमेरा चालू केला. काही सेकंदांत कॉल बंद आणि रेकॉर्डिंग हजर. खाली त्याच्या फॉलोअरची यादी, त्यात आत्याचं नाव, क्लासच्या सरांचं नाव. ‘दहा मिनिटांत पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना जाईल.’

त्याने खर्चाचे पैसे टाकले. परत मागितले. मित्राकडून उसने घेऊन टाकले. मग वेगळ्या नंबरवरून एक माणूस, ‘सायबर पोलिसातून बोलतोय, तुझ्यावर तक्रार आहे, मिटवायची असेल तर…’ या टोळ्यांची पद्धतच अशी असते हे आम्हाला नंतर कळलं. हरियाणा-राजस्थानच्या सीमेवरच्या मेवात पट्ट्यात असं लुबाडणाऱ्या बऱ्याच टोळ्या पकडल्या गेल्या आहेत.

त्याने शेवटी सांगितलं ते आम्हाला नाही, मेसवाल्या काकूंना. जेवण जात नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं. त्या बाईंनी एकच केलं, त्याच्या शेजारी बसून आम्हाला फोन लावला आणि म्हणाल्या, ‘आधी त्याला रागावू नका, मग सांगते.’

मुलग्यांना सांगा, पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते, थांबत नाही. खातं पुसून टाकायचं नाही, कारण पुरावा जातो. धमकीचे मेसेज, प्रोफाइलचं नाव, यूपीआयचा आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि हे सगळं एकट्याने नाही करायचं, मोठं माणूस शेजारी घेऊन करायचं. मुलग्यांना कोणी विचारतच नाही, म्हणून ते जास्त एकटे पडतात.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते, मूळची मिरजेची. तुमची आणि आमची परिस्थिती वेगळी, पण दोन-तीन गोष्टी कामाच्या वाटतात.

इथल्या माध्यमिक शाळांत नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सप्टेंबर २०२० पासून सक्तीचं आहे. कायदा इथेही कडक, १८ खालच्या मुलाने स्वतःचा फोटो पाठवला तरी कागदोपत्री गुन्हाच. पण मुलं तक्रारच करेनात, म्हणून २०१६ पासून पोलिसांना एक वाट दिली आहे. घटना नोंदवायची, पण त्यात जबरदस्ती किंवा पिळवणूक नसेल तर मुलावर कारवाई करणं जनहिताचं नाही असा शेरा मारून थांबायचं. माझ्या अनुभवात त्यानंतर मुलं शिक्षकांकडे यायला कमी घाबरतात.

शिक्षकांना आम्ही पहिल्याच प्रशिक्षणात सांगतो, मूल फोन पुढे करून ‘बघा ना’ म्हणालं तरी फोटो बघायचा नाही. स्वतःच्या फोनवर मागवायचा नाही, मुख्याध्यापकांना पाठवायचा नाही. शब्दांत विचारायचं, काय आहे, कोणाकडे आहे. तुमच्याकडे तर ‘पुरावा म्हणून सरांना पाठव’ असं सर्रास होत असेल. मग तो फोटो आणखी एका फोनवर गेला, आणि त्या मुलीला आणखी एका माणसासमोर उभं राहावं लागलं.

फोटो उतरवण्यासाठी १८ खालच्या मुलांना ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सोय आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. ती भारतातूनही वापरता येते, नाव द्यावं लागत नाही. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक अशा सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की फोटो काढतात किंवा चढूच देत नाहीत. १८ वरच्यांसाठी अशीच ‘स्टॉप एनसीआयआय’ आहे. मर्यादा मात्र सांगून ठेवा, व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये फिरणारा फोटो याने थांबत नाही.

कायदेभान

थेम्सकाठ यांचा फोटो न बघण्याचा मुद्दा भारतीय शिक्षकांनी तर चौकटीत लिहून ठेवावा. त्याला जोडून, शाळेला कळलं की पोक्सोच्या १९ व्या कलमाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली शिक्षा, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून आपसात मिटवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. त्यामुळे आबोली, मुलांना ‘मला सांग, मी कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही आणि मोडलं की मूल कायमचं तुटतं. ‘मला सांग, पुढे काय करायचं ते तुला विचारून, तुझ्यासोबत राहून करू’ असं म्हणा.

अण्णा_सोलापूर

हे फार मोलाचं सांगितलंत.

टिटवी

अजून एक राहिलं. आता फोटो पाठवायचीही गरज उरली नाही. साध्या डीपीवरून कपडे काढलेला खोटा फोटो बनवणारी ॲप्स आहेत. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा असा बनवला. तिने आयुष्यात कोणाला काही पाठवलं नव्हतं, तरी पहिला प्रश्न तिलाच, ‘तू काय पाठवलं होतंस?’ म्हणून ‘पाठवू नका म्हणजे सुरक्षित राहाल’ एवढ्यावर सत्र थांबलं तर अशा मुलींना त्याचा काही उपयोग नाही. खोटा असला तरी तक्रार करता येते ना?

कायदेभान

हो, येते. खोटा बनवून पसरवला तरी तक्रार तीच. २०२१ च्या आयटी नियमांत खऱ्या नग्न फोटोंबरोबर असे जोडकाम केलेले फोटोही धरले आहेत, आणि ज्याचा फोटो आहे त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी तक्रार केली की कंपनीने तो काढण्यासाठी तेव्हा २४ तासांची मुदत घातली होती. केंद्राच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात. लिंक आणि प्रोफाइलचं नाव जपून ठेवा, फोटो स्वतः गोळा करत बसू नका.

आबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आजवर ठरलेलं लिहिते, मुख्याध्यापिकांशीही बोलणं झालंय.

‘मुलींनो, सावधान’ गेलं, अब्रूचं पान गेलं. सुरुवात ‘तुझ्या फोनवर कोणाचा तरी फोटो आला तर’ इथून. उत्तर सोपं ठेवणार आहे, पुढे पाठवू नको, कोणाला दाखवू नको, ज्याने पाठवला त्याला ‘हे बरोबर नाही, काढ’ असं म्हण, स्वतःच्या फोनवरून पूस, आणि एका मोठ्या माणसाला सांग. व्हॉट्सॲपचं आपोआप गॅलरीत साठवणं बंद कसं करायचं ते तिथल्या तिथे फोन हातात घेऊन दाखवणार.

मग टिटवीचं खोटं चॅट. ते मुलगे-मुली एकत्र बसवूनच घ्यायचं मी ठरवलंय. वेगळं बसवलं की मुलगी काय विचार करते हे मुलग्याच्या कानावर जात नाही, आणि मुलगेही घाबरतात हे मुलींना कळत नाही. शंकांसाठी मात्र नंतर वेगवेगळं बसू. बालाघाट सरांची संध्याकाळ दहावीच्या वर्गात, आठवीला ती जड जाईल.

‘फोटो गेला तर’ या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ ठेवतेय. शाळेतल्या दोन माणसांची नावं फळ्यावर असतील, एक बाई आणि एक सर, कारण काही मुलगे बाईंकडे बोलणार नाहीत. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, पण तिच्या सदस्यांची नावं मुलांना माहीतच नव्हती, ती आता जिन्याजवळ लागतील. १०९८ आणि १९३० पेन्सिलने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेणार. आणि आधी शिक्षकांची वेगळी बैठक, फोटो न बघण्याबद्दल.

मुलांपुढे जायच्या आधी आईबापांचं एक तासाचं सत्र होणार. त्यांच्याकडून एकच गोष्ट मागायची आहे. मूल असं काही घेऊन आलं तर त्या दिवशी मारणार नाही, फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही. असं त्यांनी मुलासमोर तोंडाने म्हणायचं.

रानवारा

फोन काढून घेणार नाही हे मला जड जाईल. पण शाळा बंद करणार नाही, मारणार नाही, हे म्हणतो. बालाघाट सरांचं वाचल्यापासून डोक्यात तेच चालू आहे. आमच्या मुलीच्या शाळेतही असं सत्र व्हावं म्हणून मुख्याध्यापकांना भेटायचा विचार आहे. ताई, तुमचं ते नवीन सादरीकरण तयार झालं की मला पाठवाल का?

आबोली

नक्की पाठवते, दादा. आणि फोनबद्दल, काढून घेतला जाईल या भीतीनेच मुलं बहुतेक वेळा गप्प बसतात. पुढच्या आठवड्यात दोघांनी बसून काय बदलायचं ते ठरवा, पण सांगितल्याच्या दिवशी नको. तुम्ही मुख्याध्यापकांना भेटायला जाल तेव्हा सोबत आणखी दोन पालक घेऊन जा, एकट्याला टोलवतात.

टिटवी

शंकांच्या चिठ्ठ्यांबद्दल एक सुचवते. सगळ्यांना एकाच आकाराचे कागद द्या आणि प्रत्येकाला काहीतरी लिहायला लावा. ज्याला प्रश्न नाही त्याने फळ्यावरच्या दोन ओळी उतरवायच्या. नाहीतर जो एकटा लिहीत बसलेला दिसतो त्याच्याकडे सगळा वर्ग बघतो, आणि मग तो लिहीतच नाही. चिठ्ठ्या गोळा करायला वर्गातल्या मुलाला पाठवू नका, तुम्ही स्वतः फिरा.